टाउनुसच्या रानातला पोळा

जगातल्या जनावरांचे दोनच प्रकार आहेत, असं माझ्या चुलत सासऱ्यांचं ठाम मत होतं. एक बैल, आणि दुसरे, ज्यांचा बैल व्हायचा राहून गेला ते. हे मत त्यांनी वर्ध्याजवळच्या आपल्या गावाहून निघताना बरोबर आणलं आणि चाळीस वर्षं जर्मनीत पंपांचे व्हॉल्व्ह तपासण्याची नोकरी करूनही त्यात कधी बदल केला नाही. बाड हॉम्बुर्गच्या बागेत त्यांच्याबरोबर फिरायला जावं तर ढगात बैल, झाडाच्या बुंध्यात बैल. आमच्याकडे नवा व्हॅक्यूम क्लीनर आला तेव्हा त्याच्याकडे सगळ्या बाजूंनी बघून म्हणाले, "खांदा चांगला आहे याचा." डोंगराच्या रस्त्यावर रानडुकरांपासून सावध राहण्याची पाटी आहे, तिच्यापुढे थांबून दर वेळी हळहळायचे, "वशिंड नाही ना वं, नाहीतर जमून गेलं असतं." मी पुण्यात, पेठेत वाढलेली. बैल म्हणजे मला बालवाडीच्या तक्त्यावरचा 'ब'. लग्न होऊन इथे आले तेव्हा काकांनी मला पहिला प्रश्न विचारला, "सूनबाई, पोळ्याला काय करता तुमच्याकडं?" मी म्हटलं, "काही नाही हो काका, मातीची जोडी आणतो, पाटावर ठेवून पूजा करतो." "आणि ओढत नाही?" "नाही." "म्हणजे दिवसभर उभेच?" "उभेच." "अरे बाप्पा!" एवढंच म्हणाले आणि आपल्या पुढ्यातला चहा माझ्याकडे सरकवला. पुण्याची त्यांना जी कीव वाटू लागली ती त्या दिवसापासून.

मग मला तान्हा पोळा समजावून सांगण्यात आला. मोठ्या पोळ्याला गावातल्या सगळ्या बैलजोड्या तोरणाखाली येऊन उभ्या राहिल्या, की म्हणायचं, पोळा भरला. आणि दुसऱ्या दिवशी पोराबाळांचा पोळा. चाकं लावलेले लाकडी बैल दोरीनं ओढत पोरं घरोघर हिंडतात आणि घरची माणसं हातावर खाऊ ठेवतात, त्याला म्हणायचं बोजारा. काका इथे आले त्या पहिल्या वर्षी त्यांच्याजवळ ना लाकडी बैल होता ना मातीचा. होती फक्त एक जुनी सायकल. ही हकीकत मला काकूंनी सांगितली होती, काकू होत्या तेव्हा. नवरा दिसेना म्हणून त्या खाली उतरल्या, तर काकांनी सायकलला धुऊनपुसून हँडलच्या दोन्ही टोकांना गोंडे बांधलेले, दिव्याखाली कुंकू लावलेलं आणि कॅरिअरवर काकूंची ठेवणीतली शाल घातलेली. आता डब्यातल्या काबुली चण्यांची पुरणपोळी करून ते तिला भरवायच्या बेतात होते. घरमालकीण खिडकीतून बघत होती. काकू म्हणाल्या, "अहो, लोक काय म्हणतील?" तर म्हणाले, "लोक काय म्हणतील ते म्हणतील, पोळ्याचा दिवस काय म्हणेल?" काकूंनी मुकाट्यानं सायकलला ओवाळलं.

निवृत्त झाल्यावर काकांच्या या वेडाला जी पालवी फुटली तिचं श्रेय रोमन लोकांना आहे. आमच्या गावामागे टाउनुसचा डोंगर आहे आणि त्या रानात एके काळी रोमनांच्या राज्याची हद्द होती. तिथेच एक लहानसं म्युझियम आहे, त्यात काका दर रविवारी फुकट माहिती सांगायला जात. भाले, चिलखतं, नाणी यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. पाहुण्यांना थेट मागच्या खोलीत नेऊन कोपऱ्यातल्या एका काचेच्या कपाटापुढे उभं करत. त्या कपाटात बोटाबोटाएवढी जनावरं आहेत. काशाचा कोंबडा, काशाची शेळी, कासव, मातीची कोंबडी, असलीच. प्रवाशांच्या, निरोप्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या देवाला कोंबडा, शेळी नि कासव प्रिय, म्हणून ती त्याच्यापुढे मांडायची. कुणी घरच्या देव्हाऱ्यात ठेवायचे, कुणी नवस बोलून देवळात वाहायचे, आणि कुणाचं मूल गेलं तर त्याला एकटं वाटू नये म्हणून त्याच्याजवळ एखादी कोंबडी ठेवायचे. हे सगळं काका जर्मन पाहुण्यांना अशा घरगुती आवाजात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे रोमन लोक यांच्या मावशीच्या शेजारी राहायचे. मला म्हणायचे, "आपण टाक पुजतो ना देवघरात? गेनाऊ, अगदी तसंच. देव मोठा असला तरी हातात मावला पाहिजे ना वं माणसाच्या."

त्या जनावरांच्या प्रतिकृती ते घरी मातीच्या करत आणि खिशात घेऊन हिंडत. माती मळायला काकूंची परात, भाजायला काकूंचा ओव्हन. मात्र पुरणाच्या परातीत माती कालवायची नाही हा काकूंचा नियम होता आणि काकू गेल्यावरही तो मोडला गेला नाही. मातीची परात वेगळी, तिच्या काठाला लाल धागा. समोरच्याची अडचण ऐकली की डॉक्टरांनी गोळी द्यावी तसे काका खिशातून एक जनावर काढून देत. आमच्या व्हिसाच्या मुदतवाढीची टेर्मिन, म्हणजे कचेरीतली भेटीची वेळ, काही केल्या मिळेना, मी अगदी मेटाकुटीला आले होते, तेव्हा माझ्या हातावर कासव ठेवून म्हणाले, "हे घेऊन जा. कागदं नेणाऱ्या-आणणाऱ्यांचा देव आहे, त्याचं जनावर आहे हे." मी मनात म्हटलं, कासव कशाला, जरा वेगानं पळणारं काही नव्हतं का? पण पर्समध्ये ठेवलं. काउंटरवर फॉर्म काढताना ते टुणकन बाहेर पडलं, समोरच्या गंभीर बाईंनी उचलून बघितलं, आणि सगळं आवरल्यावर विचारलं की हे इथेच ठेवलं तर चालेल का. व्हिसा मिळाला. काका म्हणाले, "जा, मग! काऊन नाही मिळणार?"

त्या कपाटातल्या एका जनावरावरून मात्र काकांचं आणि म्युझियमचं घोडं अडलं होतं. तळहाताएवढं, भाजलेल्या मातीचं, चार पायांवर उभं. शेपूट तुटलेली, डोक्याच्या एका बाजूचं काहीतरी तुटलेलं, दुसऱ्या बाजूचं झिजलेलं. जुन्या वस्तीतल्या एका घराच्या उंबऱ्यापाशी सापडलेलं. खाली पाटी होती, 'हुंड', म्हणजे कुत्रा. काकांच्या मते तो बैल होता. पुरावा काय, तर त्याच्या चारही पायांना आरपार भोकं आहेत. "चाकं लावायची भोकं आहेत ही! मी स्वतः लहानपणी घातलेत असे आस. आता मला सांग, कुत्र्याला चाकं लावतं का कोणी? कुत्रा आपल्या पायानं मागं येते. ज्याला ओढावं लागते तो बैल!" या युक्तिवादापुढे मी हात टेकले. म्युझियमच्या संचालिका बाईंनी टेकले नाहीत. पाटी बदलावी म्हणून काकांनी त्यांना रीतसर आंत्राग केला, अर्ज. त्यांनी रीतसर नकार दिला. मग दुसरा, मग तिसरा. काका हातानं लिहीत, टाइप करणारी मी. सहाव्या अर्जात त्यांनी भोकांची मापं दिली, नवव्यात वर्ध्याच्या लाकडी बैलाचं चित्र काढलं, बाराव्यात नुसतं एवढंच लिहिलं की मी वाट बघतो आहे. असे पुढे एकूण सोळा अर्ज झाले. उत्तरही दर वेळी तेच, अत्यंत सभ्य. रविवारी पाहुण्यांपुढे काका म्हणत, "पाटीवर कुत्रा लिहिलेलं आहे. हा बैल आहे असं सांगायची मला परवानगी नाही. म्हणून मी ते सांगत नाही." आणि मग त्या बैलाबद्दल वीस मिनिटं काही न सांगता बोलत.

काका आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहत, आणि इमारतीतला पोळाही त्यांचाच. मुलं चारच, त्यांत आमची सई. प्रत्येकाला काका मातीचा बैल करून देत, चाकांसकट. दुपारी एक ते तीन इमारतीत आवाज करायचा नाही, म्हणून पोळा तीन वाजून पाच मिनिटांनी सुटायचा आणि केलरच्या, म्हणजे तळघराच्या, दारावर तोरण बांधलेलं असायचं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जर्मन बाई आठवडाभर आधीच जिन्यात गाठून विचारत, यंदा बैल कितीला येणार, म्हणजे त्या चॉकलेटं आणून ठेवतील. चाकं जिन्यावरून खडखडत जायची, मुलं दारोदार बोजारा गोळा करायची. पण संध्याकाळी तोरण सोडताना काका दर वर्षी एकच वाक्य बोलत, "चला, पोळा झाला." 'भरला' म्हणत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "चार बैलांत पोळा भरत नाही, सूनबाई. होते. भरत नाही."

गेल्या वसंतात त्यांच्या मुलानं ठरवलं, की गुडघे आता जिना चढू देत नाहीत, तेव्हा वडिलांनी ऑक्टोबरात बर्लिनला आपल्याकडे यायचं. घर सोडत असल्याचं पत्रही घरमालकाला गेलं. काका मात्र अर्ज महिन्याला एक होता तो आठवड्याला एक लिहायला लागले. एका रविवारी मी त्यांना म्युझियममधून आणायला गेले तेव्हा ते बाहेर बाकावर बसले होते. मी वैतागून म्हटलं, "काका, अहो कुत्रा काय नि बैल काय, तुम्हाला काय फरक पडतो?" मला वाटलं होतं, ते भोकांबद्दल बोलतील. पण ते म्हणाले, "चाळीसाच्या वर वर्षं झाली इथं. चांगलं चाललं, तक्रार नाही. पण दर पोळ्याला वाटते, हे मी एकट्यानंच इथं काढलेलं खूळ आहे. माझी पोरं मोठी झाली, त्यांनी सोडलं. मी गेलो की संपलं. माझ्या आधी इथं कोण्या पोट्ट्यानं बैल ओढला होता, एवढं त्या पाटीवर लिहिलेलं पाहून मला जायचं आहे. बस." इतके दिवस मी सोळा अर्ज टाइप केले आणि तो माणूस काय मागत होता ते मला कळलं नव्हतं.

आणि मग मी घोटाळा केला. आगाऊपणा म्हणा. माझ्या मैत्रिणीची धाकटी बहीण येना शहरात प्रकाशशास्त्रात पीएच.डी. करते. तिच्याकडे एक सुटकेसएवढं यंत्र आहे, ज्यानं वस्तूला हात न लावता तिच्यावरची केसाएवढी रेघही दिसते. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. विज्ञानानंच सांगितलं की बैल आहे, मग संचालिका बाई काय करतील? संचालिका बाईही तयार झाल्या, बहुतेक सतराव्या अर्जाच्या भीतीनं. ठरल्या दिवशी काका सूट घालून आले. येनाहून आलेली पोरगी बिचारी दोन तास स्क्रीनकडे बघत होती आणि शेवटच्या अर्ध्या तासात तिनं काकांकडे बघणं बंद केलं, तेव्हाच मी ओळखलं. शेवटी ती म्हणाली, "आजोबा, हे बघा ना. हे तुटलंय ते शिंग नाहीये, हा कान आहे. आत पोकळ वळलेला. आणि मानेभोवती ही रेघ दिसतीये? हा पट्टा आहे, त्याला बारीक बारीक ठिपके पण काढलेत." संचालिका बाईंनी सोळा नकारांची आठवण करून दिली नाही, हे त्यांचं मोठेपण. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं. चाळीस वर्षं व्हॉल्व्हमधल्या फटी शोधलेला माणूस तो, डोळ्यांनी दिसलेलं नाकारणार कसं? "हाव," ते म्हणाले. "कुत्रा आहे." पोरीला त्यांनी खिशातली मातीची कोंबडी दिली, आभार मानले, आणि घरी येईपर्यंत बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिले. वाटेत रानडुकराची पाटी आली. तिच्याकडेही त्यांनी पाहिलं नाही.

पुढचे सहा आठवडे मी स्वतःला जितक्या शिव्या घातल्या तितक्या आयुष्यात कुणाला घातल्या नसतील. काका रविवारी म्युझियमला जाईनात. विचारलं तर "ठीक आहे, सामान बांधून राहिलो," एवढंच. पोळा जवळ आला. खालच्या बाईंनी जिन्यात गाठून बैलांची वेळ विचारली आणि मी पहिल्यांदाच म्हटलं, यंदा बहुतेक नाही. सई आमची सात वर्षांची, मराठी सगळं समजतं पण बोलायचं म्हटलं की जर्मन. ती हात कमरेवर ठेवून "वारूम निश्ट?" म्हणून माझ्यापुढे उभी राहिली. का नाही, म्हणून. मी तिला दप्तर आवरायला पिटाळलं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी मीच भीत भीत पुरणपोळ्या घेऊन काकांकडे गेले, सईला घेऊन.

दार उघडंच होतं. घर खोक्यांनी भरलेलं. आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर, लाल धाग्याच्या परातीशेजारी, चार कुत्री उभी होती. कान उभारलेली, गळ्यात ठिपक्यांचा पट्टा, पायांना चाकं, अंगावर झूल आणि कपाळावर कुंकू. काका हात पुसत म्हणाले, "उशीर झाला थोडा, ओव्हन बांधून टाकला होता, पुन्हा सोडवला." मी म्हटलं, "काका, मला माफ करा हो. मी त्या पोरीला बोलावलं नसतं तर..." तर म्हणाले, "काऊन? बरं झालं बोलावलं. मी फक्त भोकं पाहून राहिलो होतो, पोट्टं पाहिलंच नाही. सायकल होती म्हणून मी सायकल पुजली, तुझ्या काकूनं सांगितलं असेल. त्या पोट्ट्याच्या घरी कुत्रा असन. त्यानं कुत्र्याला चाकं लावली. बैल नाही म्हणून पोळा राहते का वं?" हे सांगताना ते हसत होते आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. सईनं तोवर सगळ्यांत लठ्ठ कुत्रा निवडला होता. तीन वाजून पाच मिनिटांनी आमच्या जिन्यावर कुत्री खडखडली. खालच्या बाईंनी दार उघडलं, निरखून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाल्या की यंदाचे बैल जरा लहान आहेत. संध्याकाळी काकांनी तोरण सोडलं आणि म्हणाले, "चला, पोळा झाला."

सतरावा अर्ज त्यांनी गेल्या गेल्या बर्लिनहून पाठवला. टाइप मीच केला, फोनवर ऐकून. त्यात बैलाचा उल्लेख नव्हता. काकांनी लिहिलं होतं, कुत्रा तो कुत्राच राहू दे, फक्त त्याच्याशेजारी मी केलेला चाकांवरचा कुत्रा ठेवा, त्याच्या गळ्याला दोरी बांधा, आणि दोरीचं दुसरं टोक पुढे काचेपर्यंत आणा, लहान मुलाच्या हाताच्या उंचीला. दोरी नसली तर ओढणारं मूल कुठे आहे ते कळत नाही, असं शेवटी लिहिलं होतं. सोळा अर्जांना नकार देणाऱ्या बाईंचं होकाराचं पत्र आठ दिवसांत आलं.

परवा सईला घेऊन म्युझियमला गेले होते. दोरी खरोखरच काचेला टेकेपर्यंत आणली आहे. सईनं दोरीच्या टोकाशी, काचेवर हात ठेवला आणि दोन पावलं चालून बघितलं. मागून एक जर्मन मुलगा आला, त्यानंही तेच केलं. त्याच्यामागे अजून दोघी. तिथे बसणारे गृहस्थ माझ्याकडे तक्रार करत होते, की हे रोजचंच आहे, कुणी शिकवत नाही काही नाही, पोरं आली की हात तिथेच ठेवतात, संध्याकाळी बंद करताना काच पुसावी लागते. घरी येऊन मी काकांना फोन लावला आणि हे सगळं सांगितलं. बर्लिनला ते चौथ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट आहे, पण ओव्हनमध्ये माती घालायला सुनेची परवानगी नाही. मग त्यांनी विचारलं, "किती हात असन वं काचेवर?" मी म्हटलं, "मोजले नाहीत हो काका. पण खालची सगळी काच धुरकट झाली होती."

"हाव," ते म्हणाले. "आल्झो, मग पोळा भरला म्हणायचा."